फ्लीट आणि कॉन्व्हॉय, दोन्हींना 'ताफा'च म्हणायचं का?

अर्धीमुर्धी अनुवादक
एका अंतराळयुद्धाच्या कादंबरीचा अनुवाद करतेय आणि विसाव्या पानावर गाडी रुतली आहे. कथेत नऊ लहानसे उपग्रह मिळून एका दांडग्या ग्रहाशी करार करतात: आमची मालवाहू यानं चाच्यांपासून सांभाळा, आम्ही दरसाल ठरलेली रक्कम भरू. त्या ग्रहाचं फ्लीट, व्यापारी यानांचा कॉन्व्हॉय आणि बरोबर चालणारी एस्कॉर्ट यानं असे तीन शब्द पानोपानी येतात. पहिल्या दोन्हींना मी 'ताफा' लिहून मोकळी झाले. रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं, "ताफ्याच्या रक्षणासाठी ताफा निघाला." तो म्हणाला, "मंत्री कोण आहेत?"
अलायन्सचंही तेच. युती लिहा नाहीतर आघाडी, वाचणारा जागावाटपाची वाट बघत बसतो. सुचवा काहीतरी.

पेठेतला
फ्लीटला 'आरमार' हा अस्सल मराठी शब्द असताना ताफा कशाला? अरि म्हणजे शत्रू, त्याला मारणारे ते अरिमार, त्याचं आरमार. ताफा आला अरबी-फारसीतून. एसटीच्या ताफ्यात नव्या गाड्या दाखल होतात तिथेच तो शोभतो.

कोशकीटक
व्युत्पत्ती गोड आहे, पण आरमार हे पोर्तुगीज 'आर्मादा'चं मराठी रूप आहे.

पेठेतला
कशावरून? त्यांनीच आपल्याकडून उचलला नसेल कशावरून?

कोशकीटक
१५८८ साली स्पेनचं आर्मादा इंग्लंडवर चालून गेलं, ते काय मालवणहून शब्द घेऊन गेले होते? मूळ क्रियापद लॅटिन, अर्थ शस्त्रं देणं. आर्मादा म्हणजे नुसतं 'सशस्त्र'. इंग्रजीतला आर्मी हा शब्दही त्याच घरातला.
आणि धागाकर्तीच्या कामाचं इथेच आहे. आरमार या शब्दात पाणी नाहीच! 'नौदला'त नौका आहे, त्यामुळे अंतराळात ते अडखळतं. आरमार शनीच्या कड्यापाशी उभं करा, व्युत्पत्तीची काही हरकत नाही.

मीठभाकर
+१. शब्द परका आहे म्हणून रामचंद्रपंत अमात्यांनी तो टाळला नाही. आज्ञापत्रात आरमाराला स्वतंत्र राज्यांग म्हटलंय, आरमार हाच शब्द वापरून. फारसीला संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश महाराजांनी करवून घेतल्यानंतरची ही गोष्ट.
अवांतर: कान्होजी आंग्र्यांची पदवी 'सरखेल'. त्यातला खैल हा अरबीत घोड्यांचा, फारसीत टोळी-पथकाचा. म्हणजे समुद्रावरच्या सेनापतीची पदवी तबेल्यातून आलेली. अंतराळातल्या अ‍ॅडमिरलला बेलाशक सरखेल म्हणा.

पेठेतला
अशी सूट देत गेलो तर शेवटी 'कॉन्व्हॉयला अटॅक झाला' असं मराठी वाचावं लागेल. सावरकरांनी महापौर, दिनांक, चित्रपट दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज कोण हसतं? माझे पर्याय असे: फ्लीट म्हणजे नभोदल, कॉन्व्हॉय म्हणजे रक्षितयानसंघ.

फुकटचा सल्ला
रक्षितयानसंघाचं वार्षिक स्नेहसंमेलन कधी आहे?

जहाजी
पंचवीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, म्हणून बोलतो. फ्लीट आणि कॉन्व्हॉय यांत घोळ घालू नका. फ्लीट एका मालकाचं किंवा एका सेनेचं असतं. बंदरात नांगर टाकून पडलेलं असलं तरी ते फ्लीटच. कॉन्व्हॉय त्या एका प्रवासापुरता जमतो. वेगवेगळ्या मालकांची मालवाहू जहाजं आणि त्यांच्याभोवतीची लढाऊ जहाजं असं सगळं मिळून कॉन्व्हॉय. पलीकडचं बंदर आलं की तो मोडला. वेग कुणाचा धरायचा? सगळ्यांत मंद जहाजाचा. तुमच्या कादंबरीत झपकन पळणारा कॉन्व्हॉय असेल तर लेखक कधी बोटीवर चढलेला नाही.
ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात आपल्या नौदलाची गस्त सुरू झाली, त्यानंतर आम्ही तिथून बऱ्याचदा गेलो. जहाजाच्या ब्रिजवर सगळे, गोव्याचे काय नि केरळचे काय, कॉन्व्हॉयच म्हणत. एकटा आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, हर्णैचा. तो सकाळी डेकवर येऊन विचारायचा, "साहेब, सोबत आली का?" राखाडी जहाज क्षितिजावर दिसलं की म्हणायचा, "आली सोबत." मग चहा प्यायचा.

अर्धीमुर्धी अनुवादक
सोबत! किती सुंदर. पण अनेकवचन कसं करू? 'तीन सोबती' म्हटलं की पुन्हा माणसं झाली.

कोशकीटक
जुना शब्द आहे ना, बोळावा! वाटेवर संरक्षणासाठी बरोबर दिलेला माणूस म्हणजे बोळावा. गुजरातीतही याचं भावंड आहे. बोळवण त्याच घरातली: पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवून येणं. तेव्हा एस्कॉर्ट यान म्हणजे बोळावी यान.

पेठेतला
हे चालेल. शुद्ध आहे.

फुकटचा सल्ला
आज बोळवण म्हणजे तोंडाला पानं पुसणं. 'शेतकऱ्यांची आश्वासनांवर बोळवण' हा मथळा दर अधिवेशनात येतो. 'उपग्रहांच्या यानांची बोळवण झाली' असं लिहिलंत की वाचक समजेल, मोठ्या ग्रहाने पैसे घेतले आणि पाठवलं काहीच नाही.

मीठभाकर
बहुधा कथेत तसंच होणार असेल :)
गंमत सोडा, या धंद्याचा इतिहासच तसा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे येऊन म्हणाले, समुद्रात फिरायचं तर आमचं कर्ताज घ्या. पैसे भरा, आमच्या बंदरात थांबून जकात द्या, मग कुणी हात लावणार नाही. न घेतलंत तर हात कोण लावणार? तेच! पुढे कान्होजी तसेच परवाने, म्हणजे दस्तक, द्यायला लागले. इंग्रजांनी ते घ्यायचं नाकारलं, त्यांची जहाजं धरली गेली, आणि कान्होजी 'चाचे' ठरले. कागद दोन्हीकडे सारखाच. परवाना कोणता आणि खंडणीची पावती कोणती हे सांगणारा कुठल्या बोटीवर उभा आहे ते बघायचं. तेव्हा धागाकर्तीने त्या वार्षिक रकमेला काय शब्द घातलाय ते आधी सांगावं. 'वर्गणी'?

अर्धीमुर्धी अनुवादक
अंशदान.

मीठभाकर
अरे देवा. ते भविष्यनिर्वाह निधीत.

ओहायोकर
रकमेवरून आठवलं. इ.स.पू. ४७८ मध्ये इराण्यांच्या धास्तीने ग्रीक बेटांनी अथेन्सभोवती असाच जुगाड केला होता. ज्याला जमेल त्याने जहाजं द्यावीत, बाकीच्यांनी पैसे. बहुतेकांना पैसे देणं सोपं वाटलं. परिणाम? जहाजं सगळी अथेन्सची, ती बेटांच्या पैशातून झालेली. नाक्सोस बाहेर पडायला निघालं तर त्याला वेढा घालून परत आत आणलं. ४५४ मध्ये खजिनाही डेलोसहून उचलून अथेन्सला नेला. त्याला युती म्हणायचं की मांडलिकी? माझं मत: पहिल्या प्रकरणात 'दोस्ती', दहाव्यात 'तैनाती फौज'. वाचक शाळेत शिकलाय, बरोबर समजेल.

पेठेतला
तैनाती फौज उत्तम. पण दोस्ती फारसी. 'सख्य' घ्या.

कोशकीटक
पंत, 'तैनाती' आणि 'फौज' हे दोन्ही अरबी आहेत.

पेठेतला
रुळलेले आहेत.

कोशकीटक
दोस्ती काय काल आली? दुसऱ्या महायुद्धाच्या मराठी पुस्तकांत 'दोस्त राष्ट्रं'च आहेत, सख्यराष्ट्रं नाहीत.

मीठभाकर
दोस्ती कुणाशी ते मात्र बघून. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवले ते तुळाजी आंग्र्यांना नमवायला. सुवर्णदुर्ग पडला, पुढल्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. नाविक अलायन्सला मराठीत एकच शब्द का रुळला नाही, असं कुणी विचारलं की मला हे आठवतं.

पेठेतला
तुळाजीने पेशव्यांना जुमानलं नाही, हेही आठवू द्या. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

कोशकीटक
कॉन्व्हॉयसाठी शेवटचं. 'काफिला' आपण वाळवंटात उंटांबरोबर ठेवून दिलाय, पण तो समुद्रावर भरपूर फिरलाय. गोव्याहून खंबायतकडे जाणाऱ्या व्यापारी गलबतांच्या जथ्याला पोर्तुगीज काफिलाच म्हणत, आणि बरोबर त्यांची लढाऊ गलबतं असत. जहाजींनी सांगितलेली व्याख्या तंतोतंत बसते. म्हणजे फ्लीट आरमार, कॉन्व्हॉय काफिला.

फुकटचा सल्ला
काफिला म्हटलं की मला मुशायरा ऐकू येतो.

अर्धीमुर्धी अनुवादक
सगळ्यांचे आभार. मला शनिवारी प्रकरण द्यायचंय. आत्ता मांडलंय ते असं: "काफिल्याला सोबत म्हणून सरखेलांनी तीन बोळावी यानं दिली." नवऱ्याला पुन्हा ऐकवलं. म्हणाला, छान आहे, पण हे अंतराळात चाललंय का घाटात? आता खरंच कळेनासं झालंय. आणि मुखपृष्ठावर प्रकाशकांना 'स्पेस ऑपेरा'ला मराठी शब्द हवाय. त्यांनी स्वतः सुचवलेला: अंतराळ संगीतिका.

कोशकीटक
थांबवा त्यांना! त्यात गाणं नाही. साबणवाल्यांच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओ मालिकांना सोप ऑपेरा म्हणत, त्या चालीवर १९४१ मध्ये विल्सन टकर यांनी रटाळ अंतराळकथांना मारलेला टोमणा आहे तो.

पेठेतला
अंतराळ नव्हे, अवकाश म्हणा.

ओहायोकर
अवकाश म्हणजे सवड हो. "अजून अवकाश आहे" असं आजी म्हणायची ते पंगत बसायला वेळ असला की.

पेठेतला
जागा हाही अर्थ आहे. संस्कृत बघा.

सदाफुली
मी फक्त बोळवणीसाठी आले. आमच्याकडे माहेरवाशिणीची साडीचोळी देऊन बोळवण करतात आणि त्यात फसवणूक काही नाही. शब्द वर्तमानपत्रांनी नासवला.

फुकटचा सल्ला
साडी कुठल्या प्रतीची आहे त्यावर अवलंबून.

सदाफुली
ते मात्र खरं. एका वर्षी वहिनीने मला माझीच दिलेली साडी परत दिली होती. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मीठभाकर
@जहाजी, तुमचा सारंग हर्णैत नेमका कुठला? पाजपंढरीचा असेल तर ओळखीचा निघेल, माझं आजोळ तिथलं.