खुबे जाम झालेत, मांडी घालून बसता येईना, कुठली आसनं करू?

मशिनवाली_सोलापूर
नमस्कार मंडळी. युनिफॉर्म शिवायचं काम आहे माझं, मशिनपुढं स्टुलावर अख्खा दिवस जातो. आता मांडी घातली की गुडघे वरच राहतात आणि स्टुलावरनं उठताना जांघेत असं ओढतं की भिंत धरूनच सरळ व्हावं लागतं. एक्स-रेत काही निघालं नाही, डॉक्टर म्हणले स्नायू आखडलेत, व्यायाम करा. यूट्यूबवर सगळे पाय मानेमागं घेणारे, ते आपल्याला कुठलं जमतंय! घरातल्या घरात, ऊन तापायच्या आत उरकेल असं सांगा ओ. वय ४३.

होटगीरोडकर
बद्धकोनासन. तळवे जुळवायचे आणि फुलपाखरासारखे गुडघे हलवायचे. बास.

पट्टा_आणि_लोड
बास कसं ओ, त्यानं अर्धंच काम होईल. ताईंचं दुखणं दोन ठिकाणचं आहे. मांडी घालताना गुडघे वर राहतात ते मांडीच्या आतल्या बाजूचे आणि कुल्ल्याचे स्नायू ताठलेत म्हणून, पण उठताना जांघेत ओढतं ते पुढच्या बाजूचं, कमरेच्या मणक्यापासून मांडीच्या हाडापर्यंत एक स्नायू जातो, तासन्‌तास बसून तो आखडतो आणि फुलपाखरानं तो सुटत नाही.

आधी बघून घ्या. पलंगाच्या कडेवर बसून तसंच मागं आडवं व्हा, एक गुडघा छातीशी धरा आणि दुसरा पाय खाली सोडा. सोडलेली मांडी पलंगाला टेकली नाही, वर उचललेली राहिली, तर पुढची बाजू आखडलेली आहे. मग अंजनेयासन करा, म्हणजे एक पाऊल पुढं, मागचा गुडघा जमिनीवर, गुडघ्याखाली चादरीची घडी. सगळे इथंच कमरेत वाकतात आणि ताण भलतीकडंच जातो. आधी माकडहाड खाली-आत घ्यायचं, मागचा कुल्ला आवळायचा, मग थोडंसंच पुढं सरकायचं. ताण मागच्या पायाच्या जांघेत आला पाहिजे. अर्धा मिनिट थांबा, पाय बदला.

बद्धकोनासनात पण चादरीची जाड घडी ढुंगणाखाली घ्या, कंबर ताठ राहते आणि गुडघे आपोआप खाली येतात. हातानं दाबू नका आणि झटके तर अजिबात नको.

विडी_घरकुल
आमची आई जन्मभर मांडी घालून विड्या वळत आली, सत्तरीत पण उकिडवी बसते आणि मी बँकेत खुर्चीवर बसून चाळिशीत वाकडा झालो 😄 कपोतासन करू का, ते पुढचा पाय आडवा दुमडून मागचा लांब सोडायचं, पिजन म्हणतात ते? जिममधला पोरगा म्हणतोय लई भारी आहे.

पट्टा_आणि_लोड
भारी आहे, पण खुबा वळत नसला की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. सुरुवातीला उताणं झोपूनच करा, एक घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवायचा आणि ती मांडी छातीकडं ओढायची, ताण तोच, गुडघा सुरक्षित. मालासन, म्हणजे उकिडवं बसायचं, ते दाराची चौकट धरून, टाचा उचलत असतील तर टाचांखाली घडी. जांघेत खोल चिमटा बसला किंवा पायात मुंग्या आल्या तर थांबा, फिजिओला दाखवा, तिथं रेटायचं नाही.

मशिनवाली_सोलापूर
पलंगावर करून बघितलं, उजवी मांडी वरच राहतीय! चादरीला तर काय तोटा नाही आमच्याकडं. क्लास लावायचा का?

पट्टा_आणि_लोड
लावला तर पट्टा, विटा, लोड वापरणारा, अय्यंगार पद्धतीचा बघा, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी ही साधनं आपल्यासारख्या ताठ लोकांसाठीच रुळवली. नाही लावला तरी अर्ध्या-पाऊण तासानं स्टुलावरनं उठाच. बॉबिन भरायला घ्याल तेव्हा उभं राहून भरा.

मशिनवाली_सोलापूर
बॉबिन उभं राहून भरता येईल की, मशिनला वेगळा भरणा आहे. उद्यापासून उजवीकडनं सुरू करते.