कॅम्पस ड्राइव्हमधली 'तिन्हीत साठ'ची अट आधी काढा, मग समावेशाचं बोला

धंतोली (धागा सुरू करणारी)

नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते, प्लेसमेंटचं कामही बघते. माझं म्हणणं एकच आहे. कंपन्यांना आपल्याकडे सगळ्या थरांतली मुलं हवी असतील, तर भरतीच्या दारातल्या अटी त्यांनी आधी बदलाव्यात. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीत साठ टक्के. चालू बॅकलॉग, म्हणजे सुटायचा राहिलेला विषय, नको. शिक्षणात एका वर्षापेक्षा जास्त गॅप नको. या अटींवर कोण बाहेर पडतं, ती यादी दर हंगामात माझ्या हातात असते. आश्रमशाळेतून आणि झेडपीच्या शाळेतून आलेली मुलं, बारावीनंतर काम करून फीचे पैसे जमवलेली मुलं, आईच्या आजारपणात वर्षं गेलेल्या मुली.

या हंगामात एका कंपनीचे लोक आले. सादरीकरणाची सुरुवातच विविधतेवरच्या स्लाइडनी झाली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून मुलांची एक्सेल शीट घेतली, दहावीच्या कॉलमला साठचा फिल्टर लावला आणि उरलेली नावं चाचणीला बोलावली. गळालेल्यांत गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातली एक मुलगी होती. घरी माडिया ही आदिवासी बोली, शाळेत मराठी आणि कॉलेजात सगळंच इंग्रजी. दहावीला अठ्ठावन्न टक्के, डिग्रीला ८.१ सीजीपीए. तिच्या प्रोजेक्टमध्ये एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा, फार वेळ घेत होती. माहिती लवकर सापडावी म्हणून इंडेक्स (सूची) कुठल्या कॉलमवर हवा आणि दोन कॉलमचा एकत्र इंडेक्स करताना क्रम का महत्त्वाचा, हे तिने फळ्यावर काढून वर्गाला समजावलं होतं. त्या लोकांना मी विचारलं, दहावीचे मार्क तुम्हाला नेमके कशासाठी लागतात? उत्तर आलं, "मॅडम, वरून आलेला निकष आहे."

आश्रमशाळा, आदिवासी वसतिगृह, शिष्यवृत्ती, प्रवेशातली राखीव जागा, एवढं सगळं उभं राहिलं तेव्हा ती चौथ्या वर्षापर्यंत पोचली. आणि तिचा निकाल लागला तो पंधराव्या वर्षी पडलेल्या एका आकड्यावर. तोही अशा शाळेतला, जिथे अर्धं वर्ष गणिताचा शिक्षक नसणं कुणाला नवल वाटत नाही. मला याची फार चीड येते.

फिल्टरमधून सुटलेल्यांना पुढे जीडी, म्हणजे गटचर्चा, असते. विषय इंग्रजीत, आठ-दहा जणांचं टोळकं, आणि जो आधी तोंड उघडेल त्याचं नाव लिहिलं जातं. ज्या कामासाठी घेतात ते टेस्टिंगचं किंवा सपोर्टचं. त्यात असं दुसऱ्याला मागे सारून बोलायची वेळ कधी येते?

माझा प्रस्ताव असा: अट फक्त डिग्रीच्या गुणांची ठेवा. जीडीऐवजी दोन तासांचं प्रत्यक्ष काम द्या, बिघडलेला कोड हातात देऊन चूक शोधायला सांगा. तांत्रिक मुलाखतीत उत्तर हिंदी-मराठीत दिलं तरी चालू द्या. फ्रेशरला काही महिने ट्रेनिंग देताच, इंग्रजी त्यात घाला. भरती करणाऱ्यांची मतं विशेष हवी आहेत.

बुटीबोरीकर

ताई, मी भरती करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. वीस जागांना शेकड्यांनी अर्ज येतात. प्रत्येकाला दोन तासांचं काम द्यायचं आणि ते तपासायचं, तर माझे दोन अनुभवी लोक महिनाभर त्यातच अडकतील. म्हणून कुठलीतरी चाळणी लागतेच, आणि गुण ही सगळ्यात कमी वशिल्याची चाळणी आहे. गुणांची अट काढली की कोण आत येईल? ज्याचा मामा कंपनीत आहे तो. गरिबाच्या हातात मार्कशीट तरी असते, ओळख नसते. हे विसरू नका.

आणि इंग्रजीचं म्हणाल, तर आमच्या कामात क्लायंट कॉलवर असतो. ज्याला बोलता येत नाही त्याला कोणी छळत नाही, पण त्याचं काम दुसराच कॉलवर मांडतो, श्रेयही तोच घेतो, आणि दोन वर्षांनी हा तिथल्या तिथेच. अशा मुलाला आत घेऊन आपण त्याचं भलं केलं असं मला वाटत नाही. चार वर्षं तुमच्या हातात असतात. इंग्रजीचं काम तिथे व्हावं.

धंतोली

भाऊ, वशिल्याचा मुद्दा अगदी खरा. पण म्हणूनच मी अट काढा म्हणत नाही, डिग्रीवर आणा म्हणते. चार वर्षांचे ताजे गुण समोर असताना सहा वर्षांपूर्वीचे कशाला? तपासणीचं म्हणाल, तर कोडिंगची चाचणी आजकाल मशीनच तपासतं, तुमच्या दोन माणसांना शेवटच्या तीस-चाळीस मुलांपुरतंच बसावं लागेल. आणि दहावीच्या टक्क्यांवरून मुलगा कॉलवर बोलेल की नाही हे कळत नाही. बोलणं तपासायचं असेल तर बोलणंच तपासा.

वैनगंगा

माझी पोट्टी याच वर्षी पास झाली म्हणून लिहून राहिलो. कंपनीवाल्यांना काऊन एकट्याला धरता? कालेजनं चार वर्षं फी घेतली, डेव्हलपमेंट फी घेतली, प्लेसमेंट ट्रेनिंगचे पैसे वेगळे घेतले. ट्रेनिंग म्हणजे काय, तर शेवटच्या वर्षी बाहेरचा एक माणूस येऊन आठ दिवस टाय कशी बांधायची ते सांगून गेला. पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास पोरांना बोलतं केलं असतं तर आज हे रडगाणं नसतं. आम्ही पवनीकडचे लोक, घरी इंग्रजी कोण बोलणार? कालेजच बोलणार ना बाप्पा.

खामला

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. हे समावेश, विविधता सगळं शेवटी जातीवर येतं. आम्ही ओपनमधले. मुलाच्या वडिलांचं, म्हणजे माझं, छोटं किराणा दुकान. मुलाला बारावीला सत्तावन्न टक्के पडले, कारण त्या वर्षी मी दवाखान्यात होतो आणि दुकान तो बघत होता. तोही याच अटीत गळाला. त्याच्यासाठी कुठली स्लाइड आहे? कंपनीच्या फॉर्ममध्ये आता प्रवर्गाचा कॉलम असतो, 'ऐच्छिक' लिहिलेला. खासगी नोकरीत आरक्षणाचा कायदा नाही, मग जात विचारायचीच कशाला? काम विचारा. धंतोली ताईंचा प्रस्ताव जात न विचारता राबवणार असाल तर मी सोबत आहे, नाहीतर नाही.

इंदोरा

खामला भाऊ, तुमच्या मुलावर अन्याय झाला आणि ताईंच्या प्रस्तावाने तो आत येतो, याबद्दल वादच नाही. पण 'विचारूच नका' म्हटल्याने जात दाराबाहेर राहत नाही. या शहरात आडनाव आणि राहण्याचा पत्ता एवढ्यावर लोकांना सगळं कळतं. त्यातूनही शंका उरली तर मुलाखतीत विचारतात, "सीईटीला स्कोअर किती होता? या कॉलेजला कुठल्या राउंडला लागला?" प्रवेश परीक्षेचा हा प्रश्न चार वर्षांनंतर कशासाठी असतो, राखीव जागेतून आला का हे काढायला, ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. कंपनीने कॉलम ठेवला, तर निदान आपण कोणाला घेतलं आणि कोण कायम गळतं हे तिला वर्षाअखेर मोजता येईल. मात्र तो कॉलम मुलाखत घेणाऱ्याच्या हातात जाता कामा नये.

दुसरी गोष्ट. कामाची गरज म्हणून सांगितलेली प्रत्येक अट खरंच कामाची असते का, हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. तिथे मजुरी जास्त होती. कारण काय, तर मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, एकाचं उष्टं दुसऱ्याला चालत नाही. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हे खातं खुलं करण्याची मागणी लावून धरली, ती संपाच्या पुढाऱ्यांकडेच. म्हणजे अडवणूक मालकाचीच होती असंही नाही, सोबत्यांची होती. आणि कॉलेजांना म्हणाल, तर यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनुसार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा असतो. तुमच्या कॉलेजात तो अधिकारी कोण आहे, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे?

खामला

सीईटीच्या प्रश्नाचं पटलं, तो बंदच व्हायला हवा. कॉलमचं नाही पटलं. भरलेली माहिती कोणाच्या हातात जाईल याची हमी कोण देणार? आणि हे सगळं खूळ बाहेरच्या कंपन्यांनी आणलेलं आहे, आपल्याकडे आधी असं काही नव्हतं.

इंदोरा

बाहेरून आलेलं? २० जुलै १९४२ ला याच नागपुरात दलित महिला परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. गिरण्यांतल्या आणि विडी कारखान्यांतल्या बायांना पगारी रजा मिळावी, पेन्शन मिळावी, असे ठराव तिथे झाले. त्याच्याही आधी जाईबाई चौधरी याच शहरात होत्या. रेल्वे स्टेशनवर ओझी वाहिलेली बाई मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली, तर पालकांनी त्यांच्या जातीवरून मुलं काढून घेण्याची भाषा केली आणि नोकरी गेली. मग त्यांनी १९२० च्या दशकात नागपुरात चोखामेळा मुलींची शाळा काढली. शिक्षणातला आणि नोकरीतला समावेश म्हणतात तो हाच, आणि तो आपल्या गल्लीतला आहे.

मनीषनगर

मी मिहानमधल्या (नागपूर विमानतळाजवळचा उद्योग परिसर) एका कंपनीत टीम लीड आहे. शाळा मराठी माध्यमाची, गाव काटोलकडचं. धंतोली ताईंशी माझं अर्ध्यावर जमत नाही. दहावीची अट जावी, नक्की. पण तांत्रिक मुलाखत मराठीत, इंग्रजी नंतर बघू, हे मला धोक्याचं वाटतं. मी आत आले तेव्हा मीटिंगमध्ये गप्प असायचे. ते गप्प राहणं काय महागात पडतं हे मला माहीत आहे. आमच्या मुलींना इंग्रजीतून सूट नको, इंग्रजी शिकवणारं कोणीतरी हवं.

मला खरं लिहायचंय ते मुलींबद्दल. 'डायव्हर्सिटी हायरिंग' म्हटलं की कंपन्यांना फक्त मुली दिसतात, आणि भरतीचा आकडा झाला की विषय संपतो. त्यानंतर काय होतं बघा. नवा प्रोजेक्ट येतो, वेळ रात्रीची असते. मॅनेजर चांगला माणूस असतो, म्हणतो, "तिला कशाला रात्रीचा त्रास, लहान मूल आहे घरी." तिला विचारतच नाही. प्रोजेक्ट मिळत नाही, म्हणून बढती मिळत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सातची पाळी बाईच्या संमतीने चालते, तिची सुरक्षितता आणि घरापर्यंतची सोय ही मालकाची जबाबदारी. म्हणजे ठरवायचं तिने. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोयही त्याच कायद्यात आहे. माझ्या ओळखीत तिघी जणी बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या आणि वर्षाच्या आत सोडून गेल्या. पगार कमी होता म्हणून नव्हे, बाळाला ठेवायला जागा नव्हती म्हणून.

गोरेवाडा

मला जवळजवळ दिसत नाही. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो, आत्ताही त्याच्यावरच लिहितोय. इथे सगळे मुलाखतीपर्यंत पोचल्यानंतरचं बोलताहेत, मी ॲप्टीच्या, म्हणजे पहिल्या ऑनलाइन ॲप्टिट्यूड चाचणीच्या, पोर्टललाच अडकतो. प्रश्न चित्राच्या रूपात टाकलेला असतो, स्क्रीन रीडर नुसतं 'इमेज' म्हणतो. पर्यायांची बटणं कीबोर्डने निवडता येत नाहीत. वरून प्रत्येक प्रश्नाला वेगळा टायमर. विद्यापीठाच्या परीक्षेत मला लेखनिक मिळतो आणि तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. कंपनीच्या चाचणीत हे मागितलं तर मेलला उत्तर येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मानली आहेत. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा, उच्च शिक्षणात ५ टक्के. खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असतील तर आमच्यासाठी काय सोयी आहेत हे त्यात लिहावं लागतं. बुटीबोरीकर भाऊ, तुमच्याकडे वीसच्या वर माणसं असतील. ते धोरण कुठे लावलंय?

बुटीबोरीकर

आहेत, वीसच्या वर. धोरण लावलेलं नाही, उद्या एचआरला विचारतो. पोर्टल आमचं नाही, भाड्याचं आहे, पण पुढच्या करारात कीबोर्डने चालणारं आणि वेळ वाढवता येणारं हवं हे लिहून घेता येईल. याला खर्च फार नाही.

बाकी माझी बाजू तीच. दहावी-बारावीची अट काढायला मी वरच्यांशी बोलेन, डिग्रीची ठेवून. गॅपची अट मात्र मी सोडणार नाही. तीन-तीन वर्षं गॅप घेऊन आलेले काही जण स्पर्धा परीक्षा सुटली नाही म्हणून येतात आणि पुढची जाहिरात निघाली की नोकरी सोडतात. शिकवून तयार केलेला माणूस आठ महिन्यांत गेला तर लहान कंपनीचं काय होतं, हे मोठ्यांना कळत नाही.

धंतोली

मग गॅप कशासाठी होता ते विचारा ना! फॉर्ममध्ये एक ओळ ठेवा. दुकान बघणारा मुलगा, आईजवळ थांबलेली मुलगी आणि एमपीएससीची तयारी करणारा, तिघांना एका फिल्टरने का काढायचं? पुढच्या हंगामाआधी कंपन्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी करतेय. दहावी-बारावीची अट नको, सीईटीचा प्रश्न नको, चाचणी स्क्रीन रीडरवर चालावी, गॅपचं कारण लिहायला जागा असावी. मनीषनगर, तुमचं ऐकून इंग्रजीचं कलम बदललं: मुलाखत कुठल्याही भाषेत, पण इंग्रजीची शिकवणी रुजू झाल्या दिवसापासून कंपनीच्या वेळेत. कॉलेजकडून पहिल्या वर्षापासून रोजचा तास, हे वैनगंगा काकांचं म्हणणं मी प्राचार्यांकडे वेगळं नेतेय.

खामला

प्रवर्गाच्या कॉलमचं पत्रात काय लिहिणार?

इंदोरा

ते लिहायलाच हवं. मोजलं नाही तर पुढच्या वर्षी कंपनी पुन्हा स्लाइड दाखवेल आणि आपल्या हातात काहीच नसेल.

खामला

मग माझी सही नाही. बाकी सगळ्या मुद्द्यांना आहे, तसं वेगळं लिहून द्यायला तयार आहे.