मदत हवी आहे: घरी पाडलेल्या कोळशात मधले तुकडे कच्चे राहतात

सप्रेम नमस्कार. कोल्हापूरजवळच्या आमच्या मळ्यात छाटलेल्या बाभळीच्या फांद्यांपासून शेगडीवर मटण भाजण्यापुरता कोळसा घरीच पाडावा, म्हणून 200 लिटरच्या पत्र्याच्या पिंपात वीतभर तुकडे उभे रचून, तळाशी भोके ठेवून मी दोनदा भट्टी लावली. दाट पांढऱ्या धुरात लाकडातला ओलावा जातो आणि धूर विरळ, निळसर झाला की हवा बंद करायची, एवढे मी पाळले. तरीही कडेचा कोळसा खणखणीत निघतो, पण मधले तुकडे तपकिरी राहतात आणि मांसाला धुरकट, कडवट वास लावतात, याचे फार वाईट वाटते. लाकूड चारच महिने वाळले होते, हे कारण असेल का? की झाकण मातीने लिंपण्याची घाई झाली? लाकूड बंद डब्यात भरून बाहेरून आच देण्याची पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया सविस्तर सांगावे.