कमिट मोजून मिडलसेक्सच्या शाळांना मोडीत काढायचं का? (हायस्कूल बेसबॉल, न्यू जर्सी)

ओल्डब्रिजकर:
परवा जर्सी_स्काउट यांनी सीझनआधीची टीमच्या क्रमवारीची यादी टाकली, ती वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वरच्या सगळ्या जागा नॉन-पब्लिक (खाजगी) शाळांना, आपल्या मिडलसेक्स काउंटीतून फक्त सेंट जोसेफ, आणि एडिसन, जे.पी. स्टीव्हन्स, साउथ ब्रन्सविक, मन्रो, ओल्ड ब्रिज या सगळ्यांना मिळून एकच ओळ, "पब्लिकमध्ये कमिट कमी, त्यामुळे बघण्यासारखं फारसं नाही". झालं, संपलं. अहो टीम किती चांगली आहे हे सांगताय की कुठल्या कॉलेजने किती पोरांना होकार दिलाय त्याची मोजदाद करताय?

मार्चच्या मध्याला ट्रायआउट, म्हणजे पाडव्याच्या आसपास, तेव्हा आपल्याकडे डगआउटच्या मागे बर्फाचा काळा ढीग असतो. अर्धी प्रॅक्टिस जिममध्ये. एप्रिलमध्ये पाऊस, सामने पुढे ढकलले जातात आणि मग मे महिन्यात एका आठवड्यात चार चार सामने कोंबतात, त्यात काउंटी टुर्नामेंट आणि स्टेट सेक्शन (स्टेट टुर्नामेंटचे विभागीय सामने). आणि पिच काउंटचा, म्हणजे पिचरने किती बॉल फेकायचे त्याचा, नियम काय सांगतो? एका दिवसात जास्तीत जास्त ११०, आणि ९० च्या वर गेलात की चार दिवस सुट्टी. म्हणजे तुमचा तो ताशी ९२ माइलने फेकणारा हिरो सोमवारी १०० फेकून गेला की शनिवारपर्यंत बाकावर बसून बिया चघळणार. मधले सामने कोण काढणार? तिसरा आणि चौथा पिचर. ज्या टीमकडे साधे ७८-८० ने फेकणारे पण स्ट्राइक टाकणारे चार पोरगे आहेत आणि खाली पडलेला बॉल अडवणारा कॅचर आहे ती टीम मे मध्ये उभी राहते. तुमच्या यादीत कॅचर हा शब्द एकदाही आलेला नाही, मी शोधला.

जर्सी_स्काउट:
साहेब, यादी माझी आहे, उत्तर देतो. भावना समजल्या. पण स्टेट टुर्नामेंट नॉकआउट असते. हरलात की घरी. तिथे तुमचे चार ७८ वाले काय करणार, समोर ९२ वाला उभा असेल तर सात इनिंगमध्ये तुमच्या पोरांची बॅट बॉलला लागणार नाही. डेलबार्टन या नॉन-पब्लिक शाळेत २०१९ च्या बॅचला अँथनी वोल्पी आणि जॅक लायटर एकाच टीममध्ये होते. एक त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये (प्रो टीम नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात) ३० व्या नंबरवर यांकीजने उचलला, दुसरा व्हॅंडरबिल्ट कॉलेजला जाऊन २०२१ ला दुसऱ्या नंबरवर रेंजर्सकडे. अशी जोडी पब्लिक शाळेला कुठून मिळणार, त्यांना तर गावाच्या हद्दीत जी पोरं राहतात तीच घ्यायची. नॉन-पब्लिकला चार काउंटीतून पोरं येतात. हे अन्यायाचं असेल, पण आहे ते आहे. मी जे आहे ते लिहिलं.

ओल्डब्रिजकर:
आहे ते लिहिलं म्हणता, मग हेही लिहायचं होतं की स्टेटमध्ये ग्रुप ४ च्या शाळेची नॉन-पब्लिकशी गाठच पडत नाही. त्यांचे ए आणि बी वेगळे, आपले शाळेच्या आकारानुसार १ ते ४ ग्रुप वेगळे. पब्लिक शाळेच्या पोराला सेंट्रल जर्सी ग्रुप ४ जिंकायचंय, त्याला डेलबार्टनशी काय घेणं? गाठ पडते ती काउंटीत, सेंट जोसेफशी, आणि तिथेही त्यांचा एक नंबर पिचर त्या दिवशी मोकळा आहे का यावर अर्धा सामना ठरतो. आणि पब्लिकमधून काही निघत नाही म्हणणाऱ्यांना मेजर लीगचा (प्रो बेसबॉलचा) स्टार माइक ट्राउट आठवत नाही का? मिलव्हिल, साधी पब्लिक शाळा, २००९. ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी २४ नावं पुकारली गेली. मेजर लीगला खेळलेला टॉड फ्रेझर टॉम्स रिव्हरचा, १९९८ ला लिटल लीग वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या टीमचा, तोही पब्लिकचाच, पुढे रटगर्स कॉलेजला गेला.

एका_पिचरची_आई:
तुम्ही दोघं ९२ आणि ७८ करताय म्हणून लिहिते, नाहीतर मी इथे फक्त वाचते. माझा मुलगा दहावीत असताना एका क्लबच्या कोचने सांगितलं ८५ शिवाय कोणी ढुंकून बघणार नाही. हिवाळाभर वजनी बॉल फेकले, उन्हाळ्यात शनिवारी स्वतःच्या टीमकडून पिचिंग, रविवारी दुसऱ्या टीमला पिचर कमी पडला म्हणून तिकडून, आणि मधल्या सामन्यात कॅचर. प्रत्येक टीमची मोजणी वेगळी, आदल्या दिवसाचे कोणी विचारतच नाही. सप्टेंबरमध्ये एका सकाळी बघितलं तर डाव्या हाताने दात घासत होता. विचारलं तर म्हणे काही नाही ग, असंच. उजवं कोपर सरळच होत नव्हतं. तीन आठवडे त्याने सांगितलं नव्हतं कारण शोकेस होती, कॉलेजच्या कोचसमोर खेळून दाखवायचं होतं. ऑपरेशनपर्यंत गेलं नाही हे नशीब, पण एक पूर्ण वर्ष गेलं. तुमच्या याद्यांमध्ये ९२ लिहिलेलं ही पोरं वाचतात हो.

डायमंड_डॅड:
ताई, मुलाचं वाईट वाटलं, पण दोष यादीला कशाला. मोजणं आईबापाचं काम आहे. माझा मुलगा पण ट्रॅव्हल बॉल (क्लबकडून बाहेरगावी जाऊन) खेळतो, मी स्वतः क्लिकर घेऊन बसतो. आणि वेग नको म्हणणाऱ्यांनी कॉलेजचं गणित बघावं. आधी डिव्हिजन वनला (कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पातळी) बेसबॉलच्या ११.७ स्कॉलरशिप होत्या, त्या तुकडे करून वाटायच्या. आता २०२५-२६ पासून कोर्टातल्या नव्या सेटलमेंटमध्ये आलेल्या कॉलेजांना ३४ पर्यंत देता येतात पण रोस्टरच (टीममधली एकूण पोरं) ३४ चा, आधी ४० असायचा. म्हणजे सहा जागा गेल्या. त्यात ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी), कोचला २१ वर्षांचा तयार पोरगा मिळत असेल तर तो आपला १८ वर्षांचा कशाला घेईल? ड्राफ्ट पण ४० राउंडचा २० झाला. दारं बंद होतायत. अशा वेळी शाळेच्या टीमकडून गोडगोड ७८ ने फेकत बसलो तर कोण बघणार? शाळेचा सीझन मला तर नेटमधली प्रॅक्टिस वाटते, खरा खेळ जून-जुलैला.

ओल्डब्रिजकर:
हेच, याच विचाराचा मला राग आहे. शाळेचा सीझन म्हणजे नेट प्रॅक्टिस? गावातली पोरं लहानपणापासून एकत्र खेळलेली, शेवटचं वर्ष, आणि तुम्हाला त्यात फक्त रडार गन दिसते.

डायमंड_डॅड:
रडार गनवरच पैसे मिळतात दादा. भावनेवर नाही.

एका_पिचरची_आई:
किती पैसे मिळतात ते पण सांगा ना. बॅटचे चारशे-पाचशे डॉलर, क्लबची फी, हॉटेल, विमान, प्रायव्हेट लेसन. चार-पाच वर्षांची बेरीज करा आणि मग सांगा स्कॉलरशिप किती पदरात पडली. डिव्हिजन थ्री ला खेळाची स्कॉलरशिप नसतेच, आयव्हीला (हार्वर्ड-येल वगैरे) पण नाही. आपल्या ओळखीतली बहुतेक मुलं तिथेच जातात. तेच पैसे सरळ फी म्हणून भरले असते.

डायमंड_डॅड:
माझे पैसे, माझा मुलगा. हिशोब मी तुम्हाला का देऊ?

पार्कातला_फिरकीवाला:
मला एक कळत नाही, एवढा खर्च आणि मनस्ताप करून आपल्या मुलांना बेसबॉल कशाला? जर्सीत दर शनिवार-रविवारी एवढं क्रिकेट चालतं. सौरभ नेत्रावळकर बघा, मुंबईचा पोरगा, २०१० ला भारताकडून अंडर-१९ वर्ल्ड कप खेळला, मग कॉर्नेलला शिकायला आला, नोकरी करून अमेरिकेकडून खेळला आणि २०२४ ला डॅलसला पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून सामना काढला. २०२८ ला ऑलिम्पिकमध्ये पण क्रिकेट आहे. आणि बोलिंगला हात सरळ असतो, कोपराचं हे लफडंच नाही.

सातवी_इनिंग:
फिरकीवाले काका, कोपराचं नाही पण फास्ट बोलर्सच्या पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरचं काय? ती पण पोरवयातच होतात. ज्याचा त्याचा सांधा. आणि ऑलिम्पिकला २०२८ मध्ये बेसबॉल पण आहे.

पार्कातला_फिरकीवाला:
ते ठीक. पण शिवाजी पार्कात आम्ही दिवसभर बोलिंग टाकली, कोणी मोजली नाही, काही झालं नाही.

एका_पिचरची_आई:
ज्यांना झालं ते खेळ सोडून घरी बसले, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत.

पार्कातला_फिरकीवाला:
बरं बाई, तुमचं खरं. पण जर्सीच्या हायस्कूलमध्ये क्रिकेट का नाही यावर कोणीच बोलत नाही, आपली एवढी मुलं असून.

ओल्डब्रिजकर:
त्यावर वेगळा धागा काढा, मी येऊन पाठिंबा देईन. इथे नको, प्लीज.

सातवी_इनिंग:
मी बरीच वर्षं एका शाळेच्या जेव्ही (ज्युनियर) टीमबरोबर आहे, नाव सांगत नाही. दोन-चार गोष्टी. पहिलं, वजनी बॉल वाईटच असं नाही, पण पंधरा वर्षांच्या पोराला मोकळा महिना न देता वर्षभर ते करणं वाईट. २०१४ ला एमएलबी (मेजर लीग) आणि यूएसए बेसबॉलने पिच स्मार्टच्या सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की वर्षातून निदान चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग, खांद्यावरून फेकणंच बंद. आणि पिचरने त्याच टीममध्ये कॅचिंग करू नये, हेही आहे. ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत दोन्ही मोडले. २०१७ पासून जवळजवळ प्रत्येक राज्याच्या हायस्कूलला पिच काउंटचा नियम आला पण तो शाळेपुरता. बाहेरच्या क्लबचे आकडे शाळेला दिसत नाहीत आणि शाळेचे क्लबला.

दुसरं, टॉमी जॉन, म्हणजे कोपराच्या फाटलेल्या लिगामेंटचं ऑपरेशन. पहिलं ऑपरेशन १९७४ ला डॉक्टर फ्रॅंक जोब यांनी केलं ते तिशी पार केलेल्या मेजर लीगच्या पिचरवर. आता अकरावी-बारावीची पोरं त्याच टेबलावर. परत यायला वर्ष-दीड वर्ष. डिसेंबर २०२४ ला एमएलबीने स्वतः रिपोर्ट काढला, त्यात वेगाच्या मागे धावणं हेच मोठं कारण दिलंय. हे मी म्हणत नाही, ज्यांना वेग हवाय तेच म्हणतायत.

आता टीमचं. स्काउट साहेबांचा नॉकआउटचा मुद्दा अर्धाच. काउंटी टुर्नामेंट आणि स्टेट सेक्शन एकमेकांना चिकटून येतात. त्यात एसला (एक नंबर पिचरला) कुठे वापरायचं हे कोचला निवडावं लागतं. काउंटीच्या सेमीला वापरला तर सेक्शनच्या पहिल्या राउंडला नाही. दर इनिंगनंतर दोन्ही बाजूंचे मोजणारे आकडा जुळवतात ते बघा कधी, ८८ ला कोचचं तोंड कसं होतं. अजून तीन बॅटर आणि आठवडा गेला.

जर्सी_स्काउट:
बार्नेगाटचं उदाहरण मीच देतो, म्हणजे मी पब्लिकचा शत्रू नाही हे कळेल. जेसन ग्रूम, पब्लिक शाळेचा. फ्लोरिडाच्या आयएमजी या खेळाच्या शाळेला जाऊन २०१६ ला परत आला. ट्रान्सफरच्या नियमात अडकला, भर सीझनला काही काळ बाहेर बसवलं. तरी रेड सॉक्सने १२ व्या नंबरवर घेतला. असा एक पोरगा असला की टीम आपोआप वर जाते.

ओल्डब्रिजकर:
आणि तो बाहेर बसला तेव्हा टीम कोणी खेळवली? बाकीच्यांनीच ना? शिवाय २०१८ ला त्याचं टॉमी जॉन झालं हे पण लिहा की.

जर्सी_स्काउट:
ते शाळेमुळे झालं असं म्हणायचंय का?

ओल्डब्रिजकर:
तसं म्हणत नाही. एका खांद्यावर सगळी टीम तोलून यादी बनवू नका एवढंच.

डायमंड_डॅड:
मग यादी कशावर बनवायची? कोण स्वभावाने चांगलं आहे यावर?

सातवी_इनिंग:
मागच्या वर्षी किती इनिंग कोणी टाकल्या, त्यातले किती परत आलेत. वॉक (चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) किती दिले. कॅचर तोच आहे का. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) ग्रॅज्युएट झाला का. शाळेच्या पिचिंगमध्ये वॉक आणि एरर (फिल्डिंगच्या चुका) यातच रन होतात, होमरन क्वचित, त्यात एप्रिलच्या गारठ्यात अॅल्युमिनियमची बॅट हँडलजवळ लागली की पोरं इनिंगभर हात झटकत असतात. हे सगळं काढायला फार तर एक संध्याकाळ लागते, सगळ्या शाळांचे आकडे मिळतात.

जर्सी_स्काउट:
बरं. परत आलेल्या इनिंगचा कॉलम घालतो, सगळ्यांनी मिळून एवढं झोडपलंय तर. पण सांगून ठेवतो, तो कॉलम घातला तरी सेंट जोसेफ काउंटीत वरच राहणार, कारण त्यांच्याकडे चौथा पिचरही तुमच्या दुसऱ्यापेक्षा बरा असतो. तेव्हा परत माझ्यावर धागा काढू नका.

ओल्डब्रिजकर:
वर राहू द्या, आकड्यानं राहिले तर माझी तक्रार नाही. पब्लिकच्या पाच शाळांना एका ओळीत गुंडाळलंत ती ओळ काढा. प्रत्येकीवर निदान चार वाक्यं लिहा. त्या पोरांचे आजीआजोबा पुण्याहून उघडतात हो ती यादी, नातवाचं नाव शोधत.

डायमंड_डॅड:
मला अजून पटलेलं नाही. वेग असेल तरच फोन येतो, हे माझं मत कायम.

एका_पिचरची_आई:
असू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याला फेकू दिलंत का, एवढं सांगा.

डायमंड_डॅड:
डिसेंबर पूर्ण बंद होता.

एका_पिचरची_आई:
म्हणजे एक महिना. बाकीचे तीन?

पार्कातला_फिरकीवाला:
क्रिकेटचा धागा काढलाय, हायस्कूल क्रिकेटसाठी स्कूल बोर्डाकडे कोणी अर्ज केला असेल तर तिकडे लिहा.