सायंकाळी जीपीएस रोव्हरचा ‘फिक्स’ सुटतो. यंत्र बदलावे का?

मोजणीदार, करवीर : नमस्कार. मी खाजगी जमीन मोजणी करतो. लगतचे खातेदार गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून परतल्यावरच बांधावर येतात, म्हणून मार्चमध्ये अनेकदा अंधार पडेपर्यंत काम चालले. सकाळी दोन सेंटीमीटरपर्यंत अचूक चालणारा रोव्हर (उपग्रहांच्या संदेशांवरून जागा मोजणारे फिरते यंत्र) त्याच बांधावर सायंकाळी साडेसातनंतर ‘फिक्स’ (पक्के स्थान) सोडून ‘फ्लोट’वर (अंदाजे स्थानावर) येतो आणि दहापर्यंत सावरत नाही. विक्रेते नवे यंत्र घ्या म्हणतात. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

निरभ्र : साहेब, यंत्र बदलण्याची घाई करू नका. दोष बहुधा आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागात, आहे. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो, वरचा दाट थर मात्र आणखी उचलला जातो, आणि या अस्थिर रचनेतून पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर विरळ प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) प्रचंड बुडबुडे वर उसळतात. ते चुंबकीय रेषांच्या आधाराने उत्तर-दक्षिण पसरत आपल्या डोक्यावर येतात. त्यांतून येणारा उपग्रहाचा संदेश थरथरतो आणि रोव्हरची त्यावरील पकड सुटते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारातील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या केंद्रातून हे बुडबुडे कॅमेऱ्याने टिपले गेले आहेत : सुमारे 250 किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनच्या अतिमंद तांबड्या प्रकाशात ते पूर्वेकडे सरकणाऱ्या काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात. आपल्याच गावावरून जाणारी ही गोष्ट साध्या डोळ्यांना दिसत नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

बांधकरी : वरील उत्तराशी सहमत आहे. विक्रेते कदाचित दोन वारंवारतांचे यंत्र सुचवतील. त्याने आयनांबरामुळे होणारा विलंब वजा करता येतो. ही थरथर मात्र जात नाही, उलट उपग्रहाच्या संदेशांपैकी एल-5 ही कमी वारंवारता एल-1 या जास्त वारंवारतेपेक्षा अधिक थरथरते. सर्व उपग्रहसंच (जीपीएस आणि तिच्यासारख्या इतर प्रणाली) चालू ठेवा, कारण बुडबुडा सारे आकाश एकाच वेळी व्यापेलच असे नाही. माझी पद्धत अशी : नियंत्रण बिंदू (ज्यांच्या आधारे पुढचे मोजायचे ते बिंदू) सकाळी रोव्हरने पक्के करावेत आणि सायंकाळी त्यांवरून टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या यंत्राने) हद्दीच्या खुणा घ्याव्यात, कारण त्याला उपग्रह लागत नाही. ‘फ्लोट’वरील वाचनावर हद्दीचा दगड कधीही रोवू नये. आपल्याकडे हा उपद्रव मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोही सौर डाग वाढलेल्या वर्षांत, सर्वाधिक असतो. जून-जुलैत बराच कमी होतो.

मोजणीदार, करवीर : आभारी आहे. टोटल स्टेशन माझ्याकडे पडूनच आहे. उद्या सकाळी सहाला बिंदू घेतो आणि पंधरा दिवस ‘फिक्स’ सुटण्याच्या वेळा वहीत टिपून येथे कळवतो.