मेळघाटात ओआरएसची माहिती: कोरकूत छापावी की करून दाखवावी?

सातपुडा:
मेळघाटातल्या धारणी-चिखलदरा तालुक्यांत जुलाबाची माहिती मराठीत देतात, तीही ‘अतिसार’, ‘निर्जलीकरण’ अशा शब्दांत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचं नातं संथाळीशी, मराठीशी नाही. २०११च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाखांवर आहेत, मध्य प्रदेश धरून. देवनागरीत एक पानी कोरकू पत्रक का काढू नये? बाळाचं पोट फुगलं की आईनं भुमकाकडे (गावच्या वैदूकडे) डंब्यासाठी, म्हणजे तापलेल्या विळ्याच्या चटक्यांसाठी, न जाता दवाखान्यात यावं असं वाटत असेल, तर दवाखान्यानं आधी तिच्या भाषेत बोलायला हवं.

मापटं:
भाषेचा मान मान्य, पत्रक अमान्य. शाळा मराठीत झाली, तिथं कोरकू वाचायची सवय कुणाला असणार? आणि चूक होते ती मापात. ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात विरघळवून पाजायच्या मीठ-साखरेची, २०.५ ग्रॅमची पुडी अख्ख्या १ लिटर पाण्यासाठी असते. घरात लिटरचं भांडं नसतं, म्हणून पेलाभर पाण्यात अर्धी पुडी पडते. पाणी खारट होतं, मूल तोंड फिरवतं; प्यायलंच तर रक्तातलं सोडियम वाढण्याचा धोका. त्यात २०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते. एकीचं माप दुसरीला लावलं की घोळ झालाच.
यावर उपाय असा: त्याच घरातलं तपेलं घ्या, लिटरच्या बाटलीनं पाणी मोजून ओता, पाणी जिथवर आलं तिथं आतून खिळ्यानं ओरखडा काढा. मग आईला सगळं स्वतः करायला सांगा. ‘समजलं का?’ विचारलं तर मान डोलतेच, त्यावर जाऊ नका. उरलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं, हेही तिच्याच तोंडून वदवून घ्या.

रानवाट:
ओरखडा उत्तम, पण जुलाबात सोबत द्यायच्या झिंकच्या गोळ्यांचं काय? रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, १४ दिवस; २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमच्यात आईच्या दुधात विरघळवून. पण जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले की घरचे गोळीही बंद करतात. मूल बरं दिसत असताना औषध का द्यायचं, याचं कारण शब्दांतच सांगावं लागतं. प्रत्येक आशाताईनं आपापल्या परीनं भाषांतर केलं तर नेमकं ते कारणच गळतं. चित्रांवरही फार विसंबू नका. डावीकडून उजवीकडे चित्रं जोडत जाणं ही वाचणाऱ्याची सवय आहे.
त्यापेक्षा ठरलेली कोरकू वाक्यं त्याच भागातल्या बाईच्या आवाजात रेकॉर्ड करा. मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून ती परत मराठीत सांगून घ्या. अर्थ कुठे सरकला ते लगेच कळतं.

मापटं:
आवाजाला माझा विरोध नाही. पण ओपीडीत दुभाषा कोण? शाळेत जाणाऱ्या पोराला किंवा दिराला मध्ये घालतात. ‘शौचातून रक्त जातं का?’ याचं उत्तर सून दिरासमोर देणार नाही. तिथं कोरकू बोलणारी बाई पगारावर नेमा. छपाईचे पैसे तिकडे वळवा.

सातपुडा:
दुभाषी हवीच. पण ती रात्री पाड्यावर नसते. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू परत जाते, मूल पीतच नाही, तर थांबायचं नाही, निघायचं. शिवाय तीव्र कुपोषित मुलाला नेहमीचं द्रावण तसंच चालत नाही, त्याला आरोग्य केंद्रातच न्यावं लागतं. मेळघाटात हे सांगायचं राहिलं तर तुमचा ओरखडाच घात करेल.

मापटं:
हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. तर मग कागद काढा, पण आशाताईच्या पिशवीसाठी. ठरलेली कोरकू वाक्यं मोठ्या अक्षरांत, आणि पहिली ओळ तीव्र कुपोषण ओळखायला दंडघेर मोजण्याची: ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पुडी फोडण्याआधी केंद्राला फोन.