सर्व्हरचे घड्याळ मागे पडते. शिवाय रेडसाठी कोणता कंट्रोलर घ्यावा?

प्रश्न
नमस्कार. आमच्या पतसंस्थेचा लिनक्स सर्व्हर (प्रत्यक्ष यंत्र, व्हर्च्युअल नव्हे) एनटीपीडी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) बंद ठेवल्यास तासाला सुमारे ३ सेकंद मागे पडतो. एनटीपीडी चालू केल्यावर घड्याळ वारंवार एकदम पुढे सरकवल्याच्या ओळी लॉगमध्ये येतात आणि काउंटरवरील संगणकांच्या नोंदींशी वेळ जुळत नाही. मदरबोर्डवरील सेल बदलूनही फरक पडला नाही. याच सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क मदरबोर्डच्याच रेड ५ वर (एक डिस्क बिघडली तरी डेटा राखणारी अनेक डिस्कची मांडणी) असून त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस चालतो. यंत्र उघडायचेच आहे, तर वेगळे रेड कार्ड बसवावे का?

उत्तर १
सेलचा येथे संबंध नाही. तो यंत्र बंद असताना हार्डवेअर घड्याळ चालू ठेवतो. यंत्र चालू असताना वेळ कर्नल (लिनक्सचा गाभा) मोजतो. तासाला ३ सेकंद म्हणजे दशलक्षात सुमारे ८३३ भाग. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दशलक्षात काही दशक भागांची, म्हणजे दिवसाला दोन-चार सेकंदांची असते. एनटीपीडी हळूहळू दुरुस्ती करतो ती दशलक्षात ५०० भागांपर्यंतच. उरलेला फरक साचून १२८ मिलिसेकंदांपलीकडे टिकला, की एनटीपीडी घड्याळ एकदम पुढे सरकवतो. तुमच्या लॉगमधील ओळी त्याच आहेत. प्रोसेसरमधील टीएससी या वेळ मोजण्याच्या गणकाची वारंवारता कर्नलने चुकीची धरली असावी, असा माझा अंदाज आहे. क्लॉकसोर्स (कर्नल वेळेसाठी वापरतो तो गणक) टीएससीऐवजी एचपीईटी (प्रोसेसरबाहेरचा वेगळा गणक) करून एक दिवस मोजून पाहा. क्रोनी या एनटीपीडीला पर्यायी प्रोग्रॅमची दुरुस्तीची मर्यादा बरीच मोठी असल्यामुळे त्याने लक्षण झाकले जाईल, म्हणून मूळ कारण आधी शोधावे.

उत्तर २
मदरबोर्डवरील रेड हे बहुधा ड्रायव्हरमध्ये चालणारे सॉफ्टवेअरच असते, त्यामुळे त्यावर बँकेसारखे हिशेब ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साधे एचबीए कार्ड (डिस्क फक्त जोडणारे, स्वतः रेड न करणारे) घ्या, म्हणजे डिस्क थेट लिनक्सला दिसतील, आणि एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड साधनाने रेड १० (डेटाच्या दोन प्रती ठेवणारी मांडणी) करा. जागा १२ ऐवजी ८ टीबी मिळेल; पण पोस्टग्रेसच्या लहान लहान लेखनांसाठी रेड ५ मध्ये पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत मिळवण्यासाठीची जादा माहिती) पुन्हा काढण्याचा जो भार पडतो, तो टळेल. उद्या कार्ड जळाले, तरी डिस्क दुसऱ्या कोणत्याही लिनक्स यंत्रात जोडून वाचता येतात. हार्डवेअर रेडमध्ये बहुतेक वेळा त्याच घराण्यातील कार्ड शोधत बसावे लागते, आणि सात-आठ वर्षांनी ते बाजारात मिळेलच असे नाही.

उत्तर ३
वरील मताशी सहमत आहे, मात्र एक बाजू राहिली. बॅटरी किंवा सुपरकॅपॅसिटरने राखलेली लेखन-कॅश असलेल्या कार्डावर फिरत्या डिस्कचे एफसिंक (डेटा पक्का लिहिला गेल्याची खात्री करणे) फार लवकर पूर्ण होते. हा लाभ हवा असेल, तर त्याच कार्डासारखे दुसरे कार्ड आजच घेऊन कपाटात ठेवावे. बॅटरी नसताना राइट-बॅक कॅश (डिस्कवर लिहिण्याआधीच काम पूर्ण झाल्याचे कळवणारी) कधीही चालू करू नये. वीज गेली की पूर्ण झाले म्हणून कळवलेले व्यवहारही नष्ट होऊ शकतात. डिस्क एसएमआर प्रकारच्या (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणून पुनर्लेखनास सावकाश) नाहीत ना, हेही तपासा. काहीही बदलण्यापूर्वी बॅकअप दुसऱ्या यंत्रावर पूर्ववत उतरवून पाहा.

प्रश्नकर्ता
एचपीईटी केल्यानंतर २४ तासांत घड्याळ दीड सेकंदाने मागे पडले. तेवढे एनटीपीडी सहज सांभाळतो. एचपीईटी वाचण्यास सावकाश असल्याने बायॉस अद्ययावत करून टीएससी पुन्हा तपासणार आहे. एचबीए मागवले आहे. बॅकअप उतरवताना डेटाबेसमधील एक तक्ता अपुरा निघाला, म्हणून डिस्कना तूर्त हात लावलेला नाही.